दाखल्यापासून पुढे: नाशिक जिल्ह्यात दिव्यांगांच्या सेवा कोणत्या क्रमाने मिळवाव्यात

नाशिक जिल्ह्यात दिव्यांग व्यक्तीला मिळू शकणाऱ्या सेवा थोड्या नाहीत, पण त्या एका छपराखाली नाहीत. दिव्यांगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयात मिळतो, मासिक अर्थसाहाय्याचा अर्ज तहसील कचेरीत जातो, साधने कधी जिल्हा परिषदेकडून तर कधी महापालिकेकडून येतात, रेल्वेचे सवलतीचे ओळखपत्र भुसावळ विभाग देतो आणि प्रौढ मुलाच्या पालकत्वाचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती काढते. एका खिडकीवरचा कर्मचारी दुसऱ्या खिडकीविषयी सांगेलच असे नाही, आणि यात त्याचा फारसा दोषही नाही, कारण ते त्याचे काम नसते. गेली काही वर्षे भावासाठी आणि नंतर ओळखीपाळखीच्या कुटुंबांसाठी हे अर्ज भरताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: बहुतेक अर्ज अपात्रतेमुळे अडत नाहीत, तर क्रम चुकल्यामुळे अडतात. म्हणून पुढे योजनांची यादी न देता कोणते काम कोणाच्या आधी करावे, त्या क्रमाने माहिती दिली आहे.

पहिली पायरी: घरी बसून कागद जुळवणे

रुग्णालयात जाण्याआधी आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक आणि शाळा सोडल्याचा दाखला अथवा जन्मदाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत आणि नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. माझ्या भावाच्या आधारवर वडिलांचे नाव पूर्ण होते आणि दाखल्यावर केवळ आद्याक्षर. एवढ्या फरकापायी त्याचे अर्थसाहाय्य एका कार्यालयात आठ महिने अडकले आणि आईने तेवढ्यासाठी किती खेपा घातल्या त्याची मोजदाद नाही. फरक आढळल्यास आधी आधार दुरुस्त करून घ्यावे, कारण पुढचे सारे कागद आधारवरूनच तयार होतात. आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असावा आणि तो क्रमांक घरातल्याच व्यक्तीचा असावा. सायबर कॅफेवाल्याचा किंवा ओळखीच्या कार्यकर्त्याचा क्रमांक दिला, तर पुढे प्रत्येक वेळी ओटीपीसाठी त्याच्याच दारी जावे लागते.

ज्यांच्या हाताचे ठसे उमटत नाहीत किंवा ज्यांना डोळे स्थिर ठेवता येत नाहीत, त्यांनी आधार केंद्रावर तसे स्पष्ट सांगावे. अशा व्यक्तींची नोंदणी अपवाद म्हणून करण्याची सोय आहे आणि त्यासाठी कोणालाही परत पाठवता येत नाही. डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात म्हटले आहे. डोळ्यांची उघडझाप करून दाखवल्याशिवाय केवायसी पूर्ण होत नाही, या ॲसिड हल्ल्यातील पीडितांच्या तक्रारीवरूनच तो निकाल लागला. बँकेत अशी अडचण आली, तर लेखी अर्ज देऊन पर्यायी पद्धत मागावी.

दुसरी पायरी: आपली अवस्था कायद्यात बसते का, हे पाहणे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले. अंधत्व, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग हे सर्वांना ठाऊक असलेले प्रकार. पण अंशतः अंधत्व, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, बुटकेपणा, सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा क्षय, ॲसिड हल्ल्याने आलेली विकृती, वाचा व भाषा दोष, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि एकाहून अधिक दिव्यांगत्वे हेही त्या यादीत आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी तालुक्यांतील कुटुंबांनी सिकलसेलकडे विशेष लक्ष द्यावे. वारंवार सांधे दुखणारे, रक्त चढवावे लागणारे मूल केवळ ‘आजारी’ समजले जाते. ते दिव्यांगत्वाच्या दाखल्यासही पात्र ठरू शकते, हे पालकांना सहसा कोणी सांगत नाही.

बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. कायद्याच्या भाषेत याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. तथापि ४० टक्क्यांहून कमी असणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळते आणि भेदभावाविरुद्धचे कायद्याचे संरक्षण तर मिळतेच, त्यामुळे ‘चाळीस होणार नाहीत’ या अंदाजाने अर्ज टाळू नये.

तिसरी पायरी: यूडीआयडीसाठी अर्ज

प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड, या दोन्हींसाठी आता एकच अर्ज आहे आणि तो केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड संकेतस्थळावर करायचा असतो. ज्यांच्याकडे जुने हस्तलिखित किंवा राज्याच्या जुन्या संगणक प्रणालीतून निघालेले प्रमाणपत्र आहे, त्यांनी अर्जात ‘आधीचे प्रमाणपत्र आहे’ हा पर्याय निवडून त्याची स्वच्छ प्रत जोडावी. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि उपचारांचे मुख्य कागद एवढे हाताशी असले की अर्ज अर्ध्या तासात होतो. रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्यातले निवडावे, अथवा व्यक्ती जेथे उपचार घेत आहे तेथील अधिकृत रुग्णालय निवडण्याचीही मुभा आहे. शहर व लगतच्या तालुक्यांसाठी त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालय हे मुख्य ठिकाण आहे. मालेगाव, नांदगाव, बागलाण भागातील लोकांनी मालेगावच्या सामान्य रुग्णालयातील तपासणीची चौकशी आधी करावी, म्हणजे नाशिकपर्यंतचा शे-सव्वाशे किलोमीटरचा हेलपाटा वाचू शकतो.

अर्ज पूर्ण झाल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक दोन ठिकाणी लिहून ठेवावा आणि पावतीची प्रत काढून घ्यावी. अर्ज फुकट आहे. ‘कार्ड काढून देतो, एवढे द्या’ असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून फक्त टंकलेखनाचे काम करून घ्यावे. टक्केवारी वाढवून देण्याची बोली कोणी केली तर तेथून उठून यावे. खोट्या मार्गाने लाभ घेणाऱ्यास कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ही शिक्षा कार्डधारकाला होते, दलालाला शोधत कोणी बसत नाही.

चौथी पायरी: तपासणीचा दिवस

दिव्यांग तपासणी रोज होत नाही. कोणत्या प्रकारची तपासणी कोणत्या वारी आहे, हे आदल्या आठवड्यात विचारून मगच निघावे, विशेषतः ज्या व्यक्तीला गाडीत बसवणे-उतरवणे हेच मोठे काम आहे तिच्याबाबतीत. अस्थिव्यंगासाठी क्ष-किरण चित्रे व शस्त्रक्रियेचे कागद, कर्णबधिरत्वासाठी ऑडिओमेट्री ही श्रवण चाचणी आणि लहान मुलांसाठी बेरा ही मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी, बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यंक चाचणीचा अहवाल, मानसिक आजारासाठी आजवरच्या उपचारांची फाईल, रक्ताच्या आजारांसाठी प्रयोगशाळेचा निश्चित निदानाचा अहवाल असे कागद लागतात. यांपैकी बऱ्याच चाचण्या रुग्णालयातच होतात, मात्र त्यासाठी वेगळा दिवस दिला जाण्याची तयारी ठेवावी. पक्षाघात किंवा अपघातानंतर लगेच धावपळ करण्यात अर्थ नसतो. उपचारांनंतर अवस्था स्थिर झाल्यावरच कायमचे मूल्यमापन केले जाते.

डॉक्टरांसमोर काय बोलावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. अवस्था वाढवून सांगू नये, पण लाजेने झाकूही नये. आपल्याकडे आया ‘तसा तो सगळं करतो हो’ असे कौतुकाने सांगतात आणि शर्टाची बटणे लावायला त्याला वीस मिनिटे लागतात हे सांगायचे राहूनच जाते. जेवण, अंघोळ, शौच, कपडे, जिने, गर्दीतला वावर, पैशांचा व्यवहार यांपैकी कोणत्या कामात दुसऱ्याची मदत लागते, हे घरी कागदावर लिहून न्यावे आणि तेच वाचून दाखवावे.

येथे टक्केवारीचे गणित थोडे सविस्तर सांगतो, कारण याविषयी गैरसमज फार आहेत. एकाच व्यक्तीला दोन दिव्यांगत्वे असतील तर त्यांची साधी बेरीज होत नाही. मोठी टक्केवारी तशीच धरतात. नव्वदातून ती वजा करून जे उरते त्याला लहान टक्केवारीने गुणतात, नव्वदने भागतात आणि आलेली संख्या मोठ्या टक्केवारीत मिळवतात. पायाचे ४० टक्के आणि कानाचे ३० टक्के असतील, तर उत्तर ७० न येता सुमारे ५७ येते. पण हेच गणित उलट्या बाजूने उपयोगीही पडते: एक दिव्यांगत्व ३० टक्के आणि दुसरे २० टक्के असेल, तर दोन्ही मिळून सुमारे ४३ टक्के होतात, म्हणजे वेगवेगळी पाहता अपात्र ठरणारी व्यक्ती एकत्रित मोजणीत ४० ची रेघ ओलांडते. म्हणून अर्ज करतानाच दोन्ही दिव्यांगत्वे नोंदवावीत. पाय अधू असलेल्या वृद्धाचे ऐकू न येणे ‘वयोमानाने’ म्हणून सोडून दिले जाते, तेथे नुकसान होते.

प्रमाणपत्र देण्यासाठी नियमांनी आता तीन महिन्यांची मुदत ठरवली आहे. कार्डाचा रंग टक्केवारीप्रमाणे असतो: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा आणि ८० व त्यापुढे निळा. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरची अखेरची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच लिहून ठेवावी आणि तिच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा. तारीख उलटली की सवलती एकामागून एक बंद पडतात आणि कारण कोणी कळवत नाही. अर्ज नाकारला गेला किंवा टक्केवारी मान्य नसेल, तर कारणांसह लेखी नकार मागावा, कारण कलम ५९ नुसार अपील करता येते आणि अपिलाला तोच कागद लागतो.

पाचवी पायरी: मासिक अर्थसाहाय्य

कार्ड हाती येताच पहिला अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी करावा. वय १८ ते ६५, किमान ४० टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत अशा मुख्य अटी आहेत. इतर निराधारांसाठी उत्पन्नाची मर्यादा २१ हजार असली, तरी दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे, हे अर्ज घेणाऱ्याला प्रसंगी आठवण करून द्यावे लागते. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय राज्याने २०२५ मध्ये घेतला आणि वाढीव रक्कम त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासूनची आहे. पासष्टी ओलांडल्यावर श्रावणबाळ योजनेकडे जावे लागते. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत द्यायचा असतो. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा पुरावा, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, आधार, यूडीआयडी आणि पासबुक जोडावे. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून आधीच काढून ठेवावा, कारण सर्वांत जास्त दिवस त्यालाच लागतात.

पैसे आता थेट बँक खात्यात येतात आणि येथे एक बारीक मेख आहे. खात्याला आधार जोडलेले असणे आणि सरकारी अनुदान त्याच खात्यात येईल अशी नोंद असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच व्यक्तीची दोन-तीन खाती असतील, तर ज्या खात्यात आधार सर्वांत शेवटी नोंदवले गेले तेथे पैसे जातात आणि घरचे मात्र जुन्याच खात्याचे पासबुक भरून घेत राहतात. ‘मंजुरी आली पण पैसे नाहीत’ या तक्रारींत मी पहिल्यांदा हेच तपासायला सांगतो. बँकेत जाऊन ‘माझे थेट लाभाचे खाते कोणते, ते दाखवा’ असा नेमका प्रश्न विचारावा. दरवर्षी हयातीचा दाखला देणेही चुकवू नये.

साधने आणि स्थानिक निधी

तीनचाकी, चाकाची खुर्ची, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र, ब्रेल साहित्य यांसाठी केंद्राची एडिप नावाची योजना आहे. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्णपणे मोफत आणि २२,५०१ ते ३०,००० रुपयांपर्यंत निम्म्या किमतीत मिळते. तेच साधन तीन वर्षांत पुन्हा मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे, कारण मुले वाढतात. वाटप बहुधा शिबिरांतून होते: आधी मोजमापाचे शिबिर, काही महिन्यांनी वाटपाचे. मोजमापाला गैरहजर राहिलेल्याला वाटपाच्या दिवशी काही मिळत नाही. शिबिराची तारीख जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून, ग्रामपंचायतीतून अथवा आशाताईंकडून कळते, तेव्हा या तिघांकडे आपला क्रमांक देऊन ठेवावा.

मिळालेले साधन मापाचे नसेल तर ते घरी आणून कोपऱ्यात ठेवू नये. चुकीच्या उंचीची कुबडी खांदा दुखावते आणि मापापेक्षा रुंद असलेल्या चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाचा कणा वाकत जातो. तेथेच बदलून मागावे. नंतर ते कोणी बदलून देत नाही.

याखेरीज ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका आणि जिल्हा परिषद या सर्वांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून खर्च करायची असते. ग्रामीण भागातील व्यक्तीने ग्रामसेवकाकडे आपले नाव दिव्यांग नोंदवहीत आहे का, हे पाहावे आणि ग्रामसभेत गेल्या वर्षीचा हा खर्च वाचून दाखवण्याची मागणी करावी. शहरातील व्यक्तीने शरणपूर रस्त्यावरील महापालिकेच्या राजीव गांधी भवनात अथवा पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक व सातपूर यांपैकी आपल्या विभागीय कार्यालयात चालू वर्षाच्या योजनांची चौकशी करावी. या निधीतून काय द्यायचे हे दरवर्षी ठरते, त्यामुळे शेजाऱ्याला गेल्या वर्षी मिळाले ते यंदा मिळेलच असे धरून चालू नये.

मूल लहान असेल तर

वरचा सगळा क्रम मुलाच्या बाबतीत थोडा बदलावा लागतो, कारण तेथे दाखल्यापेक्षा उपचार आधी. मान उशिरा धरणारे, हाकेला न वळणारे, नजर न देणारे बाळ ‘होईल हळूहळू’ म्हणून वर्ष-दोन वर्षे घरी ठेवले जाते आणि मेंदू सर्वांत लवकर शिकतो तो काळ निघून जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीस येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातच जावे आणि फिजिओथेरपी, वाचा उपचार, श्रवण तपासणी यांच्या तारखा घ्याव्यात.

शाळेबाबत दोन तरतुदी लक्षात ठेवाव्यात. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ ने दिला आहे. दुसरी म्हणजे खासगी विनाअनुदानित शाळांतील शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठी दिव्यांग मूल वंचित गटात मोडते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तेव्हा नोकरदार पालकांनीही हा अर्ज करावा. दहावी-बारावीला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटे जादा वेळ अशा सवलती आहेत, पण त्या परीक्षेच्या तोंडावर मिळत नाहीत. मुख्याध्यापकांमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे प्रस्ताव वेळेत जायला हवा. नियमित महाविद्यालयात जाणे ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच शहरात आहे.

विशेष शिक्षणात नाशिकची परंपरा जुनी आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली प्रबोधिनी, सातपूरमधील नॅब या संस्थेचे दृष्टिहीनांसाठीचे काम, कर्णबधिर मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालय आणि बौद्धिक अक्षम मुली व स्त्रियांच्या निवासासाठी घरकुल परिवार या संस्था शहरात व परिसरात आहेत. प्रवेश हवा असो वा नसो, एकदा भेट देऊन यावे. तेथील इतर पालकांकडून तासाभरात जे कळते ते कोणत्याही माहितीपत्रकात नसते.

अठरावा वाढदिवस

ही पायरी सर्वांत दुर्लक्षित आहे, म्हणून तिच्यावर थोडा जोर देतो. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते प्रौढ होते, आणि बौद्धिक अक्षमता कितीही तीव्र असली तरी आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. खाते उघडताना, वारसाहक्काच्या नोंदीत, जमिनीच्या व्यवहारात हे एकाएकी समोर येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालकत्व देते. न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. नियुक्त पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. आईवडिलांनी आपल्या हयातीतच, पुढे जबाबदारी घेणाऱ्या भावंडाशी बोलून हा अर्ज करावा.

याच चार प्रकारांसाठी निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, विम्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि वर्गणी वर्षाला काहीशे रुपये इतकीच असते. तिच्यात नियमित उपचारपद्धतींचा, म्हणजे थेरपीचा खर्चही धरला जातो, जो इतर विमा कंपन्या सहसा देत नाहीत.

नाशिकरोड, देवळाली, ओझर या पट्ट्यात सरकारी सेवेतून निवृत्त झालेली कुटुंबे पुष्कळ आहेत. निवृत्तिवेतनधारकाच्या, स्वतः उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, आणि निवृत्तिवेतनधारक हयात असतानाच अपत्याचे नाव व प्रमाणपत्र कार्यालयात नोंदवून ठेवता येते. ते राहून गेले तर आईवडिलांच्या पश्चात त्या मुलाला स्वतःचे नाते, स्वतःचे दिव्यांगत्व आणि ते आधीपासून असल्याचे सिद्ध करावे लागते. ज्या घरात हे करायचे राहिले आहे, त्यांनी बाकीचे सारे अर्ज बाजूला ठेवून आधी हेच करावे, असे मी म्हणेन.

प्रवास, कर, नोकरी

एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा अधिक असेल तर सोबत्यालाही ५० टक्के मिळते. रेल्वेचे नियम वेगळे आहेत आणि तेथे केवळ ४० टक्क्यांचे कार्ड पुरत नाही. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारी अस्थिव्यंग किंवा बौद्धिक अक्षम व्यक्ती, पूर्णपणे दृष्टिहीन व्यक्ती आणि ऐकू व बोलू दोन्ही न येणारी व्यक्ती यांनाच दिव्यांग म्हणून सवलत आहे. अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षम आणि दृष्टिहीन व्यक्तींना शयनयान व तिसऱ्या वातानुकूलित वर्गात ७५ टक्के, ऐकू व बोलू न येणाऱ्या व्यक्तीला शयनयानात ५० टक्के, आणि सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र लागते. नाशिकरोड स्थानक भुसावळ विभागात येत असल्याने ऑनलाइन अर्ज करताना तो विभाग आणि तेच स्थानक निवडावे.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्या दिव्यांग करदात्याला किंवा दिव्यांग व्यक्तीला सांभाळणाऱ्या कुटुंबीयाला ७५ हजारांची, आणि ८० टक्के व अधिक दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. व्यवसाय करातूनही सूट आहे. पगारपत्रक काढणाऱ्याला प्रमाणपत्राची प्रत दिली की काम होते.

सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण आहे. सेवेत असताना ज्याला दिव्यांगत्व आले अशा सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते, असे दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना हे कलम लागू नाही, पण खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे आणि मुलाखतीपूर्वी ते धोरण मागून घेण्यात गैर काही नाही.

अडले तर

पहिला नियम असा की तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर शिक्का व तारीख घ्यावी. शिक्का मिळत नसेल तर अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवावा. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ अन्वये त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे प्रथम अपील करता येते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो; तेथे गेल्यास अर्जाच्या प्रती आणि तारखांचा एका पानाचा तक्ता न्यावा, कारण बोलायला मोजकी मिनिटे मिळतात आणि भावना अनावर होऊन मुद्दा राहून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यापुढे पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही.

मारहाण, सार्वजनिक ठिकाणी अपमान, अन्नपाणी रोखणे असे प्रकार दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हे आहेत आणि त्यांची फिर्याद पोलीस ठाण्यातच द्यावी. वकिलाची गरज भासल्यास जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. सांभाळ करणारी व्यक्ती स्वतःच खचली असेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

या सर्व कागदांसाठी घरात एकच जाड फाईल असावी. पहिल्या पानावर यूडीआयडी क्रमांक, नोंदणी क्रमांक, थेट लाभाचे खाते, प्रमाणपत्राची अखेरची तारीख आणि शेवटचा हयातीचा दाखला कधी दिला ती तारीख लिहावी. आणि ती फाईल कोठे ठेवली आहे, हे आईखेरीज घरातल्या आणखी एकाला तरी ठाऊक असावे.